कालव्याचें पाणी कोणाचें ?

नीरा नदीच्या डाव्या कालव्याची कथा आमच्याकडे बहुधा यशाची कथा म्हणून सांगितली जाते. कालव्याच्या दुतर्फा उभा असलेला ऊंस, त्यामागून आलेले साखरेचे कारखाने, कारखान्यांमागून आलेल्या शाळा व पतपेढ्या, असा तिचा क्रम असतो. ही कथा खोटी नाहीं. परंतु ज्या कारणासाठीं हा कालवा खोदला गेला, तें कारण तींत कोठेंच आढळत नाहीं. आणि आमच्या मतें या इतिहासांतील तेंच मुख्य प्रकरण आहे.

१८७६ पासून १८७८ पर्यंतच्या दुष्काळानें दख्खनचें पठार उजाड केलें. माणसें लाखांनीं मेलीं, गुरांची तर गणतीच नाहीं. त्या धक्क्यानें सरकारला जाग आली. १८७९ सालीं मुंबई इलाख्यासाठीं पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला, भाटघर येथें धरणाचें काम सुरू झालें, व १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्यांत पाणी खेळूं लागलें. पाऊस दगा देईल त्या वर्षीं ज्वारी-बाजरीचीं पिकें वांचवावीं, म्हणजे माणसें वांचतील, असा सरळ हेतु या खटाटोपामागें होता.

अडचण निराळ्याच ठिकाणीं उपस्थित झाली. ज्या वर्षीं पाऊस बरा होई, त्या वर्षीं कोरडवाहू शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे. आभाळांतून फुकट मिळणाऱ्या पाण्याची पट्टी कोण भरील ? आणि पाऊस गेला कीं सगळे एकदमच मागावयास येत. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें वर्तन पूर्ण शहाणपणाचें होतें; पण सरकारी वहीची दृष्टि वेगळी होती. धरणांत घातलेल्या भांडवलाचें व्याज दरसाल निघावयास हवें होतें, आणि वर्षानुवर्षे पाणी घेऊन पट्टी चोख भरणारें पीक एकच होतें—ऊंस. विहिरींवर ऊंस पिकविण्यांत मुरलेले सासवडचे माळी पुरंदरचें पठार सोडून खालीं कालव्यावर उतरले, तें सरकारला हवेंच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं ब्लॉक पद्धति घालून दिली. अनेक वर्षांच्या करारानें ठराविक क्षेत्रास पाणी द्यावयाचें व त्याच्या कांहीं भागावरच ऊंस होऊं द्यावयाचा, अशी ती योजना. पाणी अधिक गांवांत पसरावें हा त्यांचा हेतु निःसंशय चांगला होता. तरी त्या करारानें एक गोष्ट मात्र कायम केली : पाणी मिळावयाचें तें जमिनीस, आणि तेंही कालव्याखालच्या जमिनीस.

एवढ्यासाठीं उसाच्या बागाइतदारास लोभी ठरविणाऱ्या लेखकांशीं आमचें जमत नाहीं. त्याला उसाकडे वळविलें तें हिशेबनिसानें. शिवाय आपण सकाळीं चहांत दोन चमचे साखर घालतों, तेव्हां या व्यवहारांत आपलाही थोडा हात असतोच.

१९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें आणि कारखाने वाढले. पुढें स्वराज्य आलें. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी कारखाना उभा राहिला, आणि बागाइतदार स्वतः मालक झाला. हें परिवर्तन सामान्य नव्हे. परंतु पाण्याचा जुना हिशेब नव्या राज्यानें मोडला नाहीं. त्यांत मतांची एक नवी बाब तेवढी वाढली. ऊंस पिकविणाऱ्यापाशीं सभासदत्व होतें, संचालक होते, आमदार होते. पठारावरच्या कोरडवाहू माणसापाशीं मत होतें, पण त्याच्या मताला पाटचारी नव्हती.

तें पठार १९७२ च्या दुष्काळांत पुन्हां उघडें पडलें. पुरंदर तालुक्यांतील शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत बसले. त्याच कामांतून पुढें रोजगार हमी योजना आली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. राज्यानें कामाचा हक्क मान्य केला ही मोठीच गोष्ट होय. पाण्याच्या हक्काचा प्रश्न मात्र राहूनच गेला.

तो विचारला विलासराव साळुंखे या पुण्याच्या एका इंजिनियर-कारखानदारानें. नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर उजाड जमीन त्यांनीं ५० वर्षांच्या करारानें घेतली. माथ्यावर बांध घातले, खालीं पाझर तलाव व विहीर केली, आणि तें पाणी उपसून वर चढविलें. इतकें तर कोणीही कुशल इंजिनियर करता. त्यांचें खरें काम नियमांत आहे. पाणी माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें मिळावयाचें व कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें, मग त्याची जमीन कितीही असो. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नाहीं. जमीन विकली तरी तो तिच्याबरोबर जात नाहीं. भूमिहीनासही वाटा. खर्चाचा पांचवा हिस्सा लोकांनीं स्वतः भरावयाचा. आणि ऊंस लावावयाचा नाहीं. ज्या तालुक्यांतून ऊंस पिकविणारे हात कालव्यावर गेले, त्याच तालुक्यानें शंभर वर्षांच्या आंत हा नियम आपण होऊन करावा, हा योग विलक्षण खरा.

या व्यवस्थेस पाणी पंचायत हें नांव पडलें व तशा योजना आसपासच्या गांवांत झाल्या. पुढें त्यांपैकीं कित्येक बंद पडल्या. उपसा म्हटला कीं विजेचें बिल आलें. शेजारच्या गांवीं कालवा पोंचला कीं अर्ध्या एकराचा संयम कठीण झाला. म्हणून ती कल्पनाच स्वप्नाळू होती असें म्हणणारे विद्वान् आम्हीं ऐकले आहेत. कालव्यानें तरी आपला मूळ हेतु कोठें पाळला, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं.

साळुंखे २००२ सालीं वारले. २००५ सालीं विधिमंडळानें दोन कायदे केले. एकानें राज्यासाठीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरण निर्माण केलें; दुसऱ्यानें कालव्याचें पाणी शेतकऱ्यांच्या पाणी-वापर संस्थांकडे सोंपविण्याची वाट मोकळी केली. पाणी घनमापनानें मोजून द्यावें, शेवटच्या शेतास आधीं द्यावें, अशा पुष्कळ चांगल्या गोष्टी या सुधारणेंत आल्या. त्या संस्थेचा सभासद होण्यास मात्र लाभक्षेत्रांत जमीन असावी लागते.