मोडी दप्तरांचे सूचीकरण

मोडी दप्तरांचे सूचीकरण म्हणजे मोडी लिपीतील जुने कागद वाचून, त्यांचा काळ व विषय ठरवून, शोधता येईल अशी त्यांची नोंद करणे. खानदेशात या संदर्भात धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ महत्त्वाचे होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये ते स्थापन झाले.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. तारखाही बहुधा शुहूर किंवा फसली सनात असतात. शुहूर सनात ५९९ वा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो. तोच फसली समजून ५९० मिळविले, तर पत्र नऊ वर्षे मागे जाते. अक्षरतक्ता पाठ करून ही पारख येत नाही. शिकाऊ सूचीकाराला जाणत्याशेजारी बसावे लागते. जाणत्याने हस्ताक्षरांचे नमुने व संक्षेपांची यादी दप्तरासोबत ठेवली नाही, तर त्याच्या निवृत्तीनंतर तेच रुमाल पुन्हा आरंभापासून लावावे लागतात.