तुटण्यापेक्षा काढणे अवघड

८ मे १९८८च्या रविवारी शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातील टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. इमारतीत त्या वेळी कर्मचारी नव्हते. सुमारे ३५ हजार स्थानिक लाइन बंद पडल्या आणि आसपासच्या एक्स्चेंजांचे मार्गही तिथूनच जात असल्याने ओहेअर विमानतळापर्यंत झळ पोचली. सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. फायबरने हजारो तारांचे काम दोन-चार धाग्यांवर आणले, तसा धोकाही एका जागी गोळा केला, हे या आगीने दाखवून दिले. त्याच वर्षी मान्य झालेल्या सोनेट आणि एसडीएच या फायबर-वाहतुकीच्या मानकांवर १९९०च्या दशकात जी रिंग, म्हणजे केंद्रांना वर्तुळात जोडणारी फायबरची साखळी, उभी राहिली, ती या धोक्यावरचे उत्तर होती. केबल कुठेही तुटली तरी सुमारे ५० मिलिसेकंदांत वाहतूक उलट दिशेने वळते. रिंगचा इतिहास बहुधा इथेच, अपघातावरच्या विजयापाशी, थांबवला जातो. पण तिची खरी कसोटी ठरवून केलेल्या कामात लागते. ४ जानेवारी १९९१ला न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे जुनी केबल काढणाऱ्या एटी अँड टीच्या पथकाकडून शेजारची चालू फायबर केबल कापली गेली. न्यूयॉर्कचे दूरध्वनी, वायदेबाजार आणि विमानवाहतूक त्यामुळे विस्कळीत झाली. नादुरुस्त वस्तूने नव्हे, तर नको असलेली वस्तू काढण्याच्या कामाने घात केला होता.

यावर कोणी म्हणेल की रिंग स्वतःच सावरते, मग नको असलेला नोड, म्हणजे रिंगवरचे एखादे केंद्र, सरळ बंद केला तर काय बिघडले? बिघडते ते असे. रिंग सावरते ती राखीव क्षमता खर्चून, आणि ती एकदा खर्ची पडली की दुसऱ्या बिघाडाला उत्तर उरत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी रिंगवर एकही अलार्म नाही आणि त्या नोडवर उतरणारे एकही सर्किट शिल्लक नाही, हे तपासावे लागते. मग दोन्ही शेजारी नोडांवरून फोर्स्ड स्विच, म्हणजे सक्तीने मार्ग बदलण्याची आज्ञा, देऊन वाहतूक त्या नोडपासून दूर वळवायची. इथे मॅन्युअल स्विच ही कमी अग्रक्रमाची आज्ञा पुरत नाही, कारण दुसरीकडे खरा बिघाड झाला की तो आपोआप मागे पडतो. त्यानंतरच फायबर काढून शेजारी थेट जोडायचे. दोन टप्प्यांचा एक टप्पा झाल्याने पलीकडे पोचणारा प्रकाश पुरेसा आहे का, हेही मोजायचे. नोड बाहेरचे घड्याळ रिंगला पुरवत असेल, तर तो निघण्याआधी दुसरे घड्याळ ठरलेले हवे. शेवटी रिंगचा नकाशा बदलायचा आणि मगच फोर्स्ड स्विच उठवायचा.   काढलेल्या नोडचे नाव नकाशात राहिले, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी उरलेले नोड चुकीच्या शेजाऱ्याला हाका मारतील आणि एकाची वाहतूक दुसऱ्याच्या दारी जाण्याचाही धोका राहील.

दुसरा आक्षेप असा की एसडीएचचा काळ सरला, आता सारे इथरनेट आणि आयपीवर चालते. तरीही इथरनेट रिंगसाठी २००८मध्ये आलेल्या जी.८०३२ मानकात पुढच्या आवृत्तीत फोर्स्ड स्विच आणि मॅन्युअल स्विच या आज्ञा घालाव्या लागल्या. यंत्र बिघाड ओळखते. माणसाचा हेतू त्याला सांगावा लागतो. रिंगने अपघाताची भीती कमी केली हे खरेच, पण नोड काढण्याच्या वेळेपुरती ती रिंग राहत नाही, साधी रेषा होते. त्या वेळात सुरक्षितता मानकात नसते, कामाच्या क्रमात असते. म्हणून हे काम कमी वर्दळीच्या वेळी, लेखी पायऱ्यांनी आणि प्रत्येक पायरीवर परतीची वाट राखूनच करावे.