को-ऑपरेटिव्ह डेव्हलपमेंट फाउंडेशन, हैदराबाद

को-ऑपरेटिव्ह डेव्हलपमेंट फाउंडेशन (सीडीएफ, ‘सहविकास’ या नावानेही परिचित) : सहकारी संस्थांवरील सरकारी ताबा सैल करणारे कायदे राज्याराज्यांत व्हावेत यासाठी झटलेली हैदराबाद येथील स्वयंसेवी संस्था. स्थापना १९७०च्या दशकात. आंध्र प्रदेश विधिमंडळाने १९९५ साली केलेला परस्पर साहाय्य सहकारी संस्था अधिनियम (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॅक्स’) हे तिच्या प्रयत्नांचे सर्वांत मोठे फळ. रामा रेड्डी आणि सहकार कायद्याच्या अभ्यासक शशी राजगोपालन ही या कामाशी जोडलेली प्रमुख नावे.

पार्श्वभूमी : भारतात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आला, तोच सरकारच्या पुढाकाराने. १९१९च्या सुधारणांनंतर हा विषय प्रांतांकडे गेला आणि आजही तो राज्यसूचीत आहे. म्हणून सहकारातील कोणतीही मूलभूत सुधारणा राज्याच्या विधिमंडळातच करून घ्यावी लागते. स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे तीत आढळले. सावकारी पाशातून गावे सोडवायची तर संस्थांच्या भागभांडवलात सरकारने वाटा उचलावा, अशी शिफारस १९५४च्या अहवालाने केली. त्या काळाची गरज पाहता ती चुकीची म्हणता येणार नाही. पण भागभांडवलाच्या मागोमाग शासननियुक्त संचालक आले, निबंधकाचे अधिकार वाढले, निवडणुका केव्हा घ्यायच्या हे सरकार ठरवू लागले, आणि सत्ताबदल झाला की संचालक मंडळे बरखास्त करून प्रशासक बसवण्याची रीत पडली. आंध्र प्रदेशच्या १९६४च्या कायद्यात हे सारे अधिकार होते. महाराष्ट्राच्या १९६०च्या अधिनियमातही आहेत. ‘संस्थेवर प्रशासक आला’ हे वाक्य ऐकले नाही असा सहकारी संस्थेचा सभासद महाराष्ट्रात विरळाच.

याउलट चित्रही आंध्र प्रदेशाच्या तेलंगण भागातच उभे होते. तेव्हाच्या करीमनगर जिल्ह्यातील मुल्कनूर येथे ए. के. विश्वनाथ रेड्डी यांनी १९५६ साली काढलेली सहकारी ग्रामीण बँक सभासदांच्या शिस्तीवर वाढत गेली. गावातील माणसे स्वतःचा पैसा स्वतः सांभाळू शकतात, त्यांना पालक नेमण्याची गरज नाही, हे मुल्कनूरने दाखवून दिले होते.

काटकसर संस्था : सीडीएफचे वेगळेपण असे, की कायद्याची मागणी करण्यासाठी लागणारा पुरावा तिने आधी गावांत उभा केला. १९९०च्या सुमारास वारंगळ आणि करीमनगर भागांत तिच्या पाठबळाने महिलांच्या काटकसर सहकारी संस्था निघू लागल्या. तेलुगूत बचतीला ‘पोदुपू’ म्हणतात. गावात या संस्था ‘पोदुपू संघम’ म्हणून ओळखल्या गेल्या. दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम भरायची, त्याच रकमेतून सभासदांना कर्ज द्यायचे, व्याज संस्थेतच राहू द्यायचे. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही: सरकारी अनुदान नाही, बँकेचे कर्ज नाही, देणगीही नाही. एका संस्थेत शेकडो सभासद असत आणि जवळच्या गावांतील संस्था मिळून संघ करीत. कर्जदार सभासद दगावली तर तिचे कर्ज वारसांच्या गळ्यात पडू नये म्हणून ‘अभयनिधी’ची सोय करण्यात आली. पुढे पुरुषांच्या संस्थाही निघाल्या.

बाहेरचा पैसा नाकारण्याचा हा नियम अनेकांना कठोर वाटला. गरीब बाईला अनुदान मिळत असेल तर ते का सोडायचे, हा प्रश्न रास्त होता. पण सीडीएफच्या संपूर्ण भूमिकेचा कणा तोच आहे. ज्याचा पैसा, त्याचे नियंत्रण, हे सहकारात टळत नाही. संस्थेला मालकी हवी असेल तर तिने भांडवलही स्वतःच उभे केले पाहिजे.

१९९५चा अधिनियम : नियोजन आयोगाने नेमलेल्या चौधरी ब्रह्मप्रकाश समितीने १९९१ साली राज्यांसाठी आदर्श सहकार कायद्याचा मसुदा दिला. बहुतेक राज्यांनी तो बाजूला ठेवला. मंत्री, निबंधक कार्यालय आणि संस्थांवर पकड असलेले पुढारी यांपैकी कोणालाच हातातील अधिकार सोडायचे नव्हते. आंध्रात यातून जी वाट निघाली ती राज्यस्तरीय कायदेसुधारणेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. १९६४चा कायदा रद्द करा, असा हट्ट धरला गेला नाही. तो जागेवर राहू देऊन त्याच्या शेजारी दुसरा, समांतर कायदा आला. ज्या संस्थांना सरकारी भांडवल आणि त्यासोबतचे नियंत्रण हवे त्या जुन्या कायद्याखाली राहतील. ज्यांना दोन्ही नको त्या सरकारचे भागभांडवल परत करून नव्या कायद्याखाली जातील. निवड सभासदांची.

नव्या कायद्यात सरकारी भागभांडवलाला जागा नाही. संस्थेचा कारभार तिच्या उपविधींनी चालतो. निवडणूक घेण्याची जबाबदारी संचालक मंडळावर, लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला, आणि निबंधकाचे काम मुख्यतः नोंदणीपुरते व कायद्याचे पालन होते की नाही एवढे पाहण्यापुरते. वारंगळ भागातील काटकसर संस्थांना यामुळे त्यांच्या स्वभावाशी जुळणारी नोंदणी मिळाली. पुढे राज्यातील बचतगटांचे अनेक ग्रामसंघ आणि मंडल समाख्याही (मंडल पातळीवरचे त्यांचे महासंघ) याच कायद्याखाली नोंदल्या गेल्या. मुल्कनूर परिसरातील महिलांनी २००२ साली सुरू केलेला दूध उत्पादक संघ, ज्याचे दूध ‘स्वकृषी’ नावाने विकले जाते, हे या कायद्याखालील संस्थांचे ठळक उदाहरण. संचालक मंडळापासून दूध घालणाऱ्या सभासदांपर्यंत सर्व स्त्रिया असलेला हा संघ सीडीएफच्या साहाय्याने उभा राहिला.

प्रसार : आंध्रनंतर बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, जम्मू-काश्मीर, ओडिशा इत्यादी राज्यांनी असे समांतर कायदे केले. कर्नाटकात १९९७ साली झालेला ‘सौहार्द सहकारी’ कायदा सीमाभागातील मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे; बेळगाव परिसरातील पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सौहार्द’ हा शब्द सर्रास दिसतो.

न्यायालयीन कसोटी : दिलेले स्वातंत्र्य सरकार परत घेऊ पाहील ही भीती खरी ठरली. आंध्रातील काही जिल्हा दूध संघ १९९५च्या कायद्याखाली गेले होते. २००६ साली राज्याने दुरुस्ती करून दूध संघांना पूर्वलक्षी प्रभावाने त्या कायद्यातून वगळले आणि पुन्हा १९६४च्या कायद्याखाली आणले. उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरवली आणि सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. स्वेच्छेने एकत्र येऊन निवडलेले संस्थेचे स्वरूप सभासदांवर दुसरे स्वरूप लादून बदलता येत नाही; तसे करणे संघ स्थापण्याच्या मूलभूत हक्कावर घाला ठरते, असा त्याचा आशय. सहकारी संस्थेच्या सभासदाला आपल्या न्यायालयांकडून इतका भक्कम आधार क्वचितच मिळाला आहे.

त्याच वर्षी संसदेने ९७वी घटनादुरुस्ती संमत केली. सहकारी संस्था स्थापण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत सामील झाला आणि संस्थांच्या कारभाराविषयी नवा भाग घटनेत आला. निम्म्या राज्यांची संमती न घेतल्यामुळे त्या भागातील राज्यांतर्गत संस्थांविषयीच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरवल्या. मूलभूत हक्क मात्र राहिला. या निकालाने सुधारणेचे रणांगण पुन्हा राज्यांच्या विधिमंडळांतच आणून ठेवले.

आक्षेप : मोकळ्या कायद्याखाली ठेवी गोळा करणाऱ्या संस्थांवर देखरेख कोणी ठेवायची, हा सर्वांत गंभीर आक्षेप. सभासद एकमेकांना ओळखतात अशा गावातील संस्थेत निबंधकाची उणीव भासत नाही. शहरातील अनोळखी ठेवीदारांच्या पतसंस्थेत ती भासते. नाममात्र सभासद करून ठेवी ओढणाऱ्या संस्थेला ‘परस्पर साहाय्य’ म्हणणे सभासदांची फसवणूक आहे. स्वायत्ततेच्या समर्थकांनी या प्रश्नाला अधिक लवकर आणि अधिक ठामपणे हात घालायला हवा होता.

महाराष्ट्राचा संदर्भ : मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून मराठवाडा आणि तेलंगण यांच्या सहकाराचा प्रारंभ काही अंशी सामायिक आहे. महाराष्ट्राने मात्र समांतर कायदा केला नाही. १९६०च्या अधिनियमात २०१३ साली दुरुस्त्या होऊन निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले, तरी शासनाला निर्देश देण्याची मुभा देणारे कलम ७९अ आणि समिती दूर करण्याची तरतूद कायम आहेत. साखर कारखाने, जिल्हा बँका आणि राज्याची सत्ता यांची गुंफण इतकी घट्ट आहे, की सरकारी हमी व भांडवल सोडून स्वायत्तता मागणारा मोठा गट येथे तयार झाला नाही. ज्यांना सरकारी पकडीबाहेर राहून एकत्र यायचे होते अशा अनेक शेतकऱ्यांनी कंपनी कायद्यातील २००२च्या दुरुस्तीने खुली झालेली उत्पादक कंपनीची वाट धरली. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे तिचे सर्वज्ञात उदाहरण.

तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी वेगळे झाल्यानंतर १९९५चा अधिनियम दोन्ही राज्यांत लागू राहिला.