मिरे, मिरची आणि गुडघ्याचे दुखणे

बंगळूरच्या बाजारात मलनाडची काळी मिरी आणि ब्याडगीची सुकी मिरची शेजारी शेजारी विकावयास मांडलेली असतात. कन्नडमध्ये मिऱ्याला ‘मेणसु’ आणि मिरचीला ‘मेणसिनकायि’ म्हणतात. मराठीतही मिरचीचे नाव मिऱ्यावरूनच पडले आहे. या नामसाम्यामुळे पुष्कळांची फसगत होते. मागल्या पावसाळ्यात माझ्या मातोश्रींनी, ‘हे ऋषिमुनींचे औषध’ अशा कुणाच्या सांगण्यावरून, वाटलेल्या मिरचीचा लेप दुखऱ्या गुडघ्याला लावला आणि कातडीवर फोड उठले.

ऋषिमुनींना मिरची ठाऊक असणे शक्यच नव्हते. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. चरक-सुश्रुतांचे औषध ते मिरे. सुंठ, मिरे व पिंपळी मिळून त्रिकटु होते आणि संधिवातावर वैद्य देतात त्या योगराज गुग्गुळात ते असते.

मिरचीचे औषधी चरित्र अलीकडचे आहे. १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने तिच्यातील तिखट द्रव्याला ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. हे द्रव्य वारंवार लावल्यास वेदना वाहणारे मज्जातंतू बधिर होतात, असे पुढे हंगेरीतील संशोधक यांचो यांनी दाखविले. त्यामागील कारण १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांना सापडले. सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता शरीराला ज्या ग्राहकामुळे जाणवते, त्यालाच कॅप्सेसिन चेतविते. म्हणूनच मिरची ‘जाळते’. या शोधाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिरुग्णांनी अवघे ०.०२५ टक्के कॅप्सेसिन असलेले मलम दिवसातून चार वेळा, चार आठवडे गुडघ्यांना लावले, तेव्हा त्यांच्या वेदना कमी झाल्या. तेथील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली गुडघ्याच्या झिजेसाठी या मलमाची सशर्त शिफारस केली. हाताच्या सांध्यांसाठी मात्र केली नाही, कारण तोच हात डोळ्यांना लागण्याचे भय!

या मलमाने दुखणे हलके होते. झिजलेला सांधा भरून येत नाही. शिवाय मोजून घातलेले द्रव्य निराळे आणि पाट्यावरचा गोळा निराळा. औषध प्राचीन म्हणून गुणकारी ठरत नाही, आणि परदेशी म्हणून टाकाऊही ठरत नाही. मातोश्रींचे फोड आठवड्याभरात बरे झाले. आता त्या डॉक्टरांनी दिलेले मलम लावतात आणि मिरची आमटीपुरतीच ठेवतात.