सुईच्या अग्रावरचा उजेड

सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला की मुले हमखास विचारतात, "गुरुजी, याहून बारीक?" या हौसेला जर्मनीतील एर्न्स्ट आबेने १८७३ सालीच वेसण घातली. प्रकाशलहरीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू भिंगातून वेगळे दिसावयाचे नाहीत.

यातून वाट सुचली डब्लिनच्या एडवर्ड हचिन्सन सिंगला. आडनावावरून आपल्याकडचा वाटेल. पण हा आयरिश नाटककार सिंगचा पुतण्या. ट्रिनिटी कॉलेज त्याने पदवीवाचूनच सोडले. (मी मॅट्रिकवाला, माझा कल त्याच्याकडे असणारच.) १९२८ साली त्याने आइन्स्टाइनला कळविले आणि निबंधही छापला: अपारदर्शक पडद्याला लहरीहून लहान छिद्र पाडा, ते वस्तूला जवळजवळ भिडवून कणाकणाने फिरवा. पण असे छिद्र पाडणार कोण? १९३६ पासून सिंग मनोविकाराने शुश्रूषागृहात होता. तेथेच १९५७ साली वारला. निबंध विस्मृतीत गेला.

१९८४ साली स्वित्झर्लंडमध्ये डीटर पोल यांनी क्वार्ट्झच्या टोकावर छिद्र साधले. खरी बहार १९९१ साली, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत. एरिक बेट्झिग आणि सहकाऱ्यांनी काचेचा तंतू लेसरने तापवून ओढला; पाकाची तार तुटावी तसा तो निमुळता होऊन तुटला. मग तो गरगर फिरवीत मागच्या बाजूने ॲल्युमिनियमची वाफ दिली. कडा झाकल्या, अग्र तेवढे उघडे राहिले, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे! त्यातून उजेड झिरपतो तो अगदी कंजूषपणे, आणि जोर वाढवावा तर धातूचे अस्तरच वितळते. बेट्झिगला २०१४ साली नोबेल मिळाले, पण ते दुसऱ्याच पद्धतीबद्दल.