बाशिंग : एका नेच्याची दोन नावे

सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात झाडांच्या खोडांवर आणि कातळांवर वाढणाऱ्या एका नेच्याला मराठीत बाशिंग म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तो ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, तर शहरी रोपवाटिकांत 'ओक-लीफ फर्न'. जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडील पारगावासारख्या उसाच्या, कोरड्या हवेच्या गावांतही आता हौशी मंडळी असे नेचे घरी लावू पाहतात. त्या निमित्ताने या नावांच्या इतिहासाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. लांब, हिरवी, खोल कातरलेली पाने बीजाणू धारण करतात. त्यांच्या तळाशी आखूड, रुंद, बिनदेठाची पाने खोडाला बिलगून उभी राहतात. ती लवकर वाळून तपकिरी होतात, पण गळत नाहीत. गळलेला पालापाचोळा त्यांच्यामागे साचून कुजतो आणि त्यावरच नेच्याचे पोषण होते. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला दिलेल्या नावात ओकच्या पानाची उपमा आहे. 'ड्रायनेरिया'च्या मुळाशीही ओकवाचक ग्रीक शब्दच आहे. आमच्या मते दोन्ही नावांनी पाहिले ते हेच आखूड पान. युरोपीय नजरेने त्याची कड टिपली; मराठी नजरेने ते कोठे आणि कसे बसले आहे हे टिपले. वधूवरांच्या कपाळी बाशिंग बांधावे, तसे ते खोडाच्या कपाळी बांधलेले दिसते.

घरात नेचे वाढविण्याची आधुनिक हौस मात्र लंडनची. नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला. त्या मातीत नेचा उगवला. धुरकट शहरात जे जगत नव्हते ते काचेआड जगले. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत सुखरूप गेली. पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून. इंग्लंडमध्ये घरोघरी नेच्यांच्या पेट्या सजल्या. त्या वेडाला चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये 'टेरिडोमेनिया' असे नावही दिले. या वेडापायी तेथील कित्येक रानांतून नेचे उपटले गेले.

त्याच काळात आपल्या परिसरातही सरकारी वनस्पतिउद्याने उभी राहत होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडी उद्यानाचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग होती. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनी करवून घेतलेली वनस्पतिचित्रे आज एडिंबरोच्या उद्यानात जपलेली आहेत, पण ती काढणाऱ्या एतद्देशीय चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही. मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ब्लाटर आणि डाल्मेडा यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला तो १९२२ मध्ये. 'बाशिंग' हे नाव ज्यांनी दिले तेही त्या चित्रकारासारखेच अनामिक राहिले. त्यांचे निरीक्षण तेवढे त्या एका शब्दात शिल्लक आहे.

ते घरच्या लागवडीतही उपयोगी पडते. नवखा माणूस तपकिरी पाने मेलेली समजून खुडतो आणि नेच्याचे अन्नभांडारच काढून टाकतो. बाशिंग उतरवायचे नसते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. त्याचा लव्हाळलेला, जाड मूळखोड मातीत पुरू नये. नारळाच्या सोडणावर किंवा जाड सालीच्या ओंडक्यावर सुतळीने बांधावा. जागा सावलीची पण उजेडाची असावी आणि वारा खेळता असावा. काचपेटी याच्या कामाची नाही. हिरवी पाने मीटरभरही वाढतात. कोरड्या दिवसांत ती गळाली तर घाबरून पाण्याचा मारा करू नये. पावसाच्या हवेत नवी पाने फुटतात.

प्रश्न उरतो तो रोप आणायचे कोठून हा. भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे; तेथून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. अन्यत्रही खोडावरून ओरबाडलेला नेचा पुन्हा त्या खोडावर यायला वर्षे लागतात. कोणाच्या घरी वाढलेल्या बाशिंगाचा तुकडा मागून घ्यावा, किंवा पानामागच्या ठिपक्यांतील बीजाणू ओलसर, स्वच्छ मातीवर पेरून धीर धरावा. इंग्लंडच्या घरांतील ते वेड रानांना महाग पडले, हा इतिहास आपल्यासमोर आहे. आणि रोप दुसऱ्याला देताना सोबत 'बाशिंग' हे नावही द्यावे. कोणते पान राखायचे ते त्यातच सांगितलेले आहे.