कराची–मुंबई हवाई मार्ग

कराची–मुंबई हवाई मार्ग : टाटा सन्स या उद्योगसंस्थेने १९३२ मध्ये सुरू केलेल्या विमानटपालसेवेचा पहिला टप्पा. या सेवेतूनच पुढे एअर इंडिया ही कंपनी उदयास आली. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सु. ८७५ किमी. आहे, परंतु विमानांनी ते नेहमी सरळ रेषेत कापलेले नाही.

इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन–कराची सेवा मार्च १९२९ मध्ये सुरू झाली. कराचीस उतरलेली मुंबई व मद्रासची पत्रे तेथून विमानानेच पुढे नेण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट व जे. आर. डी. टाटा यांनी सरकारपुढे मांडली आणि १९३२ मध्ये, कोणतेही अनुदान न घेता, तसा करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक-एंजिनी पस मॉथ विमान उडविले. एका दमात मुंबई गाठण्याऐवजी इंधनासाठी अहमदाबादेस उतरावयाचे असल्याने मार्ग सु. १,०३५ किमी. झाला. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून टाकी भरण्यात आली. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी टपाल जुहूस पोहोचले : एकूण सव्वासात तास. व्हिन्सेंट यांनी ते बेळ्ळारीमार्गे दुसऱ्या दिवशी मद्रासला नेले.

या विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खालचा मुलूख एवढाच वैमानिकाचा आधार. अहमदाबादहून मार्ग जवळजवळ सरळ दक्षिणेस येतो व अखेरीस वसईची खाडी ओलांडून साष्टीवर शिरतो. खाडीच्या दक्षिण तीरावरील घोडबंदर ते जुहू हे हवाई अंतर सु. २३ किमी., म्हणजे पस मॉथच्या वेगाने जेमतेम आठ मिनिटांचे. अरबस्तानातून आलेले घोडे येथे उतरविले जात, त्यावरून गावास हे नाव पडले असे सांगतात. त्या गलबतांची ये-जा मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे. विमानही त्यातून सुटले नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडाल्यामुळे टाटांना आपला तळ पुण्यास हलवावा लागे.

१९४७ च्या फाळणीने हा देशांतर्गत मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. जेट विमानास हे अंतर सु. दीड तासाचे, मात्र उड्डाणास वाट असणे ही बाब आता अंतराहून वेगळी ठरली. १९७१ ते १९७६ व २००२ ते २००४ या काळांत दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आकाश बंद ठेवले होते. मधल्या काळात, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८ वर्षांच्या टाटांनी लेपर्ड मॉथ विमानातून जुन्याच मार्गाने कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केले. एप्रिल २०२५ मध्ये आकाश पुन्हा बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेस जाणारी भारतीय विमाने दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली आणि अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले.